दोनशे एक वाजत नाही

१

झिपरू सोनवणे दसऱ्याच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात मेला आणि दुपारी चारच्या आत कंपनीनं त्याच्या मरणाला जबाबदार माणूस शोधून काढला. एवढ्या वेगानं त्या कंपनीत गळका नळसुद्धा कधी दुरुस्त झाला नव्हता.

जबाबदार ठरली तेजल पगारे. वय चोवीस, काम टेलिफोन ऑपरेटरचं.

साल दोन हजार पाच. कंपनी म्हणजे नाशिकमध्ये अंबडच्या पुढे असलेला एक दूध प्लांट. दूध थंड करायला तिथं अमोनिया वायू वापरतात. त्याची मशीनं एका वेगळ्या खोलीत, गेटपासून चारशे पावलांवर. वायू सुटला तर नियम साधा होता. मशीनरूममधून फोन करून नऊ नंबर दाबायचा. ऑपरेटर उचलते, गेटला सांगते, गेटवाला भोंगा वाजवतो आणि तोंडावर लावायचे मास्क घेऊन माणसं धावतात. भोंग्याचं बटण गेटवरच, मास्कचं कपाटही गेटवरच. हे असं का, ते विचारायचं नाही. ज्यानं ठरवलं तो कधी मशीनरूममध्ये गेलेला नव्हता.

खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, पावणेबाराला मशीनरूममधला एक व्हॉल्व्ह गळायला लागला. आत दोघं होते. मशीन चालवणारा गोटीराम आणि त्याचा हेल्पर झिपरू. गोटीरामनं नऊ दाबला. फोन मुका. परत दाबला. मुका. शेवटी तो खोकत, ठेचकाळत गेटकडे सुटला आणि झिपरू तोंडाला ओला रुमाल बांधून व्हॉल्व्ह आवळत आत थांबला. भोंगा वाजला तेव्हा अकरा मिनिटं गेली होती.

कंपनीच्या अहवालात तीन ओळी होत्या. अकरा बेचाळीसला टेलिफोन ऑपरेटरनं आपलं मशीन लॉग आउट केलं, म्हणजे काम बंद केल्याची नोंद झाली. बारा वीसला परत लॉग इन केलं. मधला वेळ ती जागेवर नव्हती, पूजेच्या प्रसादाला गेली असावी.

चौकशी शनिवारी ठेवली होती. दोषी ठरली की नोकरी जाणार आणि ते कागद पोलिसांत जाणार. निष्काळजीपणानं माणूस मारल्याचा गुन्हा.

शुक्रवारी सकाळी तेजल इंदिरानगरला सावळीराम अहिऱ्यांच्या दारात उभी होती.

"काका," ती म्हणाली, "मी खुर्ची सोडलीच नव्हती."

२

सावळीराम अहिरे मूळचा देवळ्याचा. तीस वर्षं टेलिफोन खात्यात फोन मेकॅनिक होता. तेजलचे वडील त्याच्याबरोबर केबलच्या खड्ड्यांत गुडघाभर पाण्यात उतरलेले. ते गेले, पण याचं त्या घरात जाणंयेणं राहिलं.

"पूजेला गेली नव्हतीस?"

"मी कशाला जाऊ? आमच्यात नाही करत पूजा. त्याच रात्री घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर निघणार होते. सगळा स्टाफ हॉलमध्ये, वर ऑपरेटरच्या खोलीत मी एकटी. म्हणून तर मला बसवलं तिथं. तू तशीही येणार नाहीस, तूच थांब, असं बोराडेसाहेबच म्हणाले होते."

गोरक्ष बोराडे हे प्लांट मॅनेजर.

"मग झालं काय?"

"स्क्रीन गोठली. लाल अक्षरं आली, मग कोरीच. मी हँडसेट उचलला तर काहीच नाही, नुसती हवा. बाजूच्या खोलीतला उचलून बघितला, तोही तसाच."

"मोबाइल?"

"गेटवर जमा करून घेतात. साहेब लोकांचे सोडून."

"खाली जाऊन सांगायचं होतंस कुणाला."

तेजल म्हणाली, "आठ दिवसांपूर्वी पाणी प्यायला उठले होते तर मेमो दिला होता. खुर्ची सोडायची नाही म्हणून. मी नाही सोडली, काका. आता सोडली म्हणून काढतायत."

सावळीरामनं चपला घातल्या. चौकशीत कामगाराला आपला प्रतिनिधी नेता येतो आणि त्या प्रतिनिधीला आधी कागद आणि जागा बघायचा हक्क असतो. हे दोन्ही कायदे कामगारांना कुणी सांगत नाही. सावळीरामला खात्यातल्या युनियनमुळे माहीत होते.

"मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाय," तो म्हणाला. "तारेतलं कळतं. चल."

३

त्यानं सुरुवात केली ती मशीनरूमपासून. गोटीरामचे डोळे अजून लाल होते. वायूनं की रडून, ते त्यानं सांगितलं नाही.

"दादा, फोन उचलल्यावर कसला आवाज होता? एंगेज? घंटी?"

"कायच नाय. मेल्यावानी. घंटी वाजत राहिली असती ना, तर म्हटलं असतं पोरगी उचलत नाय. इथं घंटीच नाय."

सावळीराम भिंतीकडे बघत होता. तिथं एक काळा चौकोन होता, चार स्क्रूची भोकं आणि रंग उडालेला.

"हितं काय होतं?"

"जुना फोन. उचलला की थेट गेटवर वाजायचा. नंबर नाय, काय नाय. फेब्रुवारीत काढला. म्हणले आता सगळं एकाच तारेवर. फोन पण, कॉम्प्युटर पण."

हेच ते सगळं. फेब्रुवारीत मुंबईहून सूटवाले आले, चेअरमनला पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि प्लांटमधले फोन कॉम्प्युटरच्या जाळ्यात घालून गेले. त्यात वाईट काही नाही, जग तसंच चाललं आहे. पण जुना फोन तांब्याच्या दोन तारांवर, स्वतःच्या बॅटरीवर, जाळं पडलं तरी वाजत राहिला असता. तो भिंतीवर नुसता लटकत राहिला असता तर कुणाचं काय बिघडत होतं? नव्या भिंतीवर जुना फोन शोभत नाही, एवढंच. शोभेसाठी काढला.

गेटजवळ वजनकाट्याच्या खोलीत कोंडाजी बसायचा. दुधाचा टँकर काट्यावर चढला की कॉम्प्युटर वजनाची पावती छापतो, वर वेळ टाकतो.

"मंगळवारच्या पावत्या दाखवतो का, कोंडाजी?"

"दाखवतो की. पर त्या दिवशी अर्ध्या हातानं लिवल्यात. कॉम्प्युटर दगड झाला होता."

"कधीपासून?"

कोंडाजीनं चळत उलटली. शेवटची छापील पावती अकरा एक्केचाळीसची. पुढच्या सहा बॉलपेननं लिहिलेल्या. मग परत छापील सुरू, बारा एकवीस.

सावळीराम त्या पावत्यांकडे बघत राहिला. अकरा बेचाळीसला तेजलचं मशीन बंद झालं. त्याच मिनिटाला गेटवरच्या काट्याचा कॉम्प्युटरही बंद झाला. तेजल वर आणि काटा इथं, मधे अख्खा प्लांट. एक पोरगी आपलं मशीन बंद करते, तेव्हा गेटवरचा काटा का थांबावा?

"हे कुणाला सांगितलं होतंस?"

"सांगितलं ना. त्या ज्ञानेशला. तो म्हणला, तुझ्या काट्याचं वेगळं, त्याचा ह्याच्याशी संबंध नाय."

४

ज्ञानेश शिरसाठ या सगळ्या जाळ्याचा इंजिनिअर. वय सत्तावीस, इस्त्रीचा शर्ट, नखं कुरतडलेली.

"सिस्टीममध्ये फॉल्ट नव्हता," त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं. "रेकॉर्ड स्वच्छ आहे. ऑपरेटर लॉग आउट, एवढीच नोंद."

"लॉग आउट तिनं केलं की झालं, हे त्या नोंदीत लिहिलंय?"

"नोंद एकच असते."

"म्हणजे माणूस उठून गेला तरी तेच लिहितं आणि तार तुटली तरी तेच?"

ज्ञानेशनं नख कुरतडलं. "टेक्निकली... हो."

"मग अहवालात 'स्वतः जागा सोडली' कुणी लिहिलं?"

"अहवाल साहेबांनी लिहिला. मी फक्त प्रिंट दिली."

"आणि त्या वेळचं बाकी रेकॉर्ड? काटा का थांबला, त्याचं?"

"मेन स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथं येतात ती पेटी, रिस्टार्ट केल्यावर पुसलं जातं."

"रिस्टार्ट कुणी केला?"

"मी."

"फॉल्ट नव्हता तर रिस्टार्ट कशाला केलास, बाळा?"

ज्ञानेशनं टेबलावरचा पेन उचलला आणि परत ठेवला. सावळीरामनं त्याला तिथंच सोडलं. भिजलेली तार ओढायची नसते, वाळू द्यायची असते.

तो तेजलच्या खोलीत गेला. तिच्या जागी आता पॅकिंग विभागातली एक मुलगी बसवली होती, गोंधळलेली. सावळीरामनं तिच्याकडून सगळ्या फोनची यादी मागितली. चौसष्ट नंबर.

"ताई, एक काम करशील? वरपासून खालपर्यंत एकेक लाव. कुणी उचलला तर म्हण, टेस्टिंग चालू आहे."

पाऊण तास गेला. त्रेसष्ट फोन वाजले. एक वाजला नाही. घंटी नाही, एंगेज नाही. नुसती हवा.

"दोनशे एक," मुलगी म्हणाली. "हा तर बोराडेसाहेबांच्या केबिनचा."

"कधीपासून बंद आहे?"

"माहीत नाही. तक्रार नाही आली."

गोरक्ष बोराडे म्हणजे फोन दोनदा वाजून उचलला नाही तर ऑपरेटरला मेमो देणारा माणूस. त्याचा स्वतःचा फोन मेला आहे, आणि त्याची तक्रार नाही.

५

फोनच्या सगळ्या तारा जिथं एकत्र येतात ते काचेच्या दाराचं कपाट ऑफिसच्या बोळात होतं. आत हिरव्या दिव्यांच्या ओळी, एक इकडे लुकलुकत, एक तिकडे. शहाण्णव भोकं, सगळ्यांत निळ्या तारा खोचलेल्या. एक भोक रिकामं. त्याखाली चिठ्ठी, दोनशे एक. तार शेजारीच लोंबकळत होती.

कपाटासमोर एक बाई फरशी पुसत होती. मैनामावशी. सफाईचं काम, वय पन्नासच्या आसपास, पांढरं कपाळ.

"मावशी, मंगळवारी पूजेच्या वेळी कुठं होतात?"

"हितंच. स्टुलावर." तिनं पोछा पिळला. "साहेब म्हणले, मैना, तू हॉलमधे येऊ नको, ताटाजवळ तर बिलकुल नको, चेअरमनच्या बायकोला आवडत नाय. मी विधवा ना. सकाळी हॉल मीच धुतला, रांगोळीची जागा मीच पुसली. ते चालतंय. पूजेला माझी सावली चालत नाय."

"हितं बसून या कपाटाकडे लक्ष गेलं का?"

"दुसरं होतं काय बघायला? हे दिवे रोज असे हिकडं एक, तिकडं एक. त्या टायमाला सगळे एकदम. लखलख, लखलख. गणपतीच्या लायटिंगच्या माळेवानी. मला वाटलं, पूजेसाठी केलंय."

"मग?"

"मग भोंगा वाजला, पळापळ. नंतर तो ज्ञानेश आला, घामाघूम. एकेक तार उपसून बघत होता. एक उपसली आन् सगळे दिवे गप झाले. तो खालीच बसला, डोकं धरून. मग बोराडेसाहेब आले. दोघं बोलले काहीतरी. त्यानंतर साहेबांच्या केबिनला कुलूप हाय. मला झाडायलाबी देत नायत."

"कुलूप कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. आत फुलं कुजली असतील."

सावळीराम सरळ ज्ञानेशकडे गेला. या वेळी बसला नाही.

"एकच विचारतो. तुमच्या या नव्या फोनला मागं दोन भोकं असतात. बरोबर? एकातली तार भिंतीत जाते, दुसरीतली कॉम्प्युटरला. दुसरी तार कॉम्प्युटरऐवजी परत भिंतीतच खोचली तर काय होतं?"

ज्ञानेशचा चेहरा उतरला. तेच त्याचं उत्तर होतं.

"उद्या चौकशीत मी हे विचारणार," सावळीराम म्हणाला. "तू काय सांगणार ते रात्रभर ठरव. झिपरूची बायको बाहेर बाकावर बसलेली असेल."

६

शनिवारी सकाळी दहा. मीटिंग हॉल. चौकशी अधिकारी म्हणून कंपनीनं आणलेले निकुंभ वकील टेबलाच्या टोकाला. एका बाजूला बोराडे आणि ज्ञानेश, दुसऱ्या बाजूला तेजल आणि सावळीराम. दाराबाहेर बाकावर चांगुणा, झिपरूची बायको, मालेगावकडची. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती आली होती.

सावळीरामनं आधी कोंडाजीच्या पावत्या ठेवल्या, मग दोनशे एकची गोष्ट सांगितली. बोराडे हसले.

"माझा फोन बंद आहे, मी मोबाइल वापरतो. हा काय पुरावा झाला?"

"केबिन उघडा, साहेब."

"तिचा इथं काय संबंध?"

"संबंध नाय तर उघडायला काय हरकत?"

निकुंभ वकिलांनाही आता उत्सुकता वाटू लागली होती. त्यांनी मान हलवली. केबिन उघडली. आत झेंडूचा कुजका वास भपकन आला. कोपऱ्यातल्या चौरंगावर कॉम्प्युटर, त्यावर सुकलेला हार. मोठ्या टेबलावर फोन, त्याच्यावर हळदीकुंकवाचं बोट. खंडेनवमीला आपण हत्यारं पूजतो, या ऑफिसात कॉम्प्युटर आणि फोन हीच हत्यारं. रीत आहे ती, तिला कुणी हसायचं कारण नाही.

सावळीराम टेबलाखाली वाकला. भिंतीत दोन भोकं. दोन्हींत तार. दोन्ही तारा वर त्याच एका फोनला गेलेल्या.

"पूजेसाठी कॉम्प्युटर टेबलावरून चौरंगावर नेला," तो खालूनच बोलला. "त्याची तार मोकळी राहिली, लोंबकळत. चेअरमनबरोबर फोटो निघायचे होते. कुणीतरी ती नीटनेटकी दिसावी म्हणून भिंतीतल्या रिकाम्या भोकात खोचून दिली. झाला फास. फोनमधून निघालेला निरोप भिंतीत, भिंतीतून परत फोनमध्ये, परत भिंतीत. प्रत्येक फेऱ्याला वाढत. एका मिनिटात सगळ्या तारा त्यानं भरून गेल्या. झिपरूच्या खोलीतला फोन त्यातच गुदमरला. बरोबर का, ज्ञानेश?"

ज्ञानेश खाली बघत होता. "बरोबर."

"हे मला आत्ता कळतंय!" बोराडे म्हणाले. "ही केबिन त्या दिवशी सकाळी मैनानं साफ केली. अडाणी बाई. तिनंच खुपसली असणार. तिच्यावर कारवाई करू. तेजलचं मी मागे घ्यायला तयार आहे."

म्हणजे एक बाई सुटली तर दुसरी. बळी लागतो यांना, कोण ते महत्त्वाचं नाही.

"तार काढून बघा, वकीलसाहेब," सावळीराम म्हणाला. "दुसऱ्या भोकातली. चिमटीत धरायच्या जागेवर काय आहे?"

निकुंभांनी चष्मा लावून वाकून ती तार उपटली. पारदर्शक प्लॅस्टिकवर ओलं असताना लागलेलं, आता वाळलेलं लाल कुंकू. अंगठ्याचा अर्धा ठसा.

"ज्यानं खोचली त्याच्या बोटाला ओलं कुंकू होतं," सावळीराम म्हणाला. "मैनानं केबिन सकाळी आठला झाडली. बिघाड झाला अकरा बेचाळीसला, आणि हा फास एका मिनिटाच्या वर दम काढू देत नाय. म्हणजे तार अकरा चाळीसच्या पुढे खोचली. तेव्हा मैना बोळात स्टुलावर होती. का होती? विधवेनं कुंकवाच्या ताटाजवळ यायचं नाय, असा तुमचाच हुकूम, साहेब. त्या दिवशी या ऑफिसात कुंकवाला बोट लावायची बंदी एकाच माणसाला होती. तिलाच तुम्ही दोष देताय."

बोराडेंचा हात खिशात गेला.

"पूजेला यजमान कोण होतं? फोनला, कॉम्प्युटरला कुंकू कुणी लावलं?"

दारात मैनामावशी उभी होती. कधी आली ते कुणाला कळलं नव्हतं. "साहेबांनी," ती म्हणाली. "फोटो आहेत की."

७

बोराडेंनी रुमालानं मान पुसली. "ठीक आहे. मी खोचली असेन. लोंबकळणारी तार माणूस नीट ठेवतो. ही चूक आहे, गुन्हा नाही. एवढ्याशा तारेनं अख्खा प्लांट बंद पडेल हे मला कसं माहीत असणार?"

हे खरं होतं. सावळीरामनं ते मान्यही केलं. "तार खोचली हा गुन्हा नायच. पण एका तारेनं अख्खा प्लांट पडू कसा दिला, ही दुसरी गोष्ट, ज्ञानेश, तू सांगतो की मी विचारू?"

ज्ञानेशनं खिशातून घडी केलेला कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता.

"स्विचमध्ये राखण असते," तो म्हणाला. आवाज कोरडा. "कुणी असा फास लावला की स्विच ते एकच भोक आपोआप बंद करतो. बाकी सगळं चालू राहतं. जुलैमध्ये साहेबांनी केबिनमध्ये पाहुण्यांच्या लॅपटॉपसाठी बाजारातून एका तारेच्या चार करणारा डबा आणून लावला. त्याला फास समजून दोनदा राखणीनं त्यांचा फोन बंद केला. एकदा चेअरमनच्या फोनमध्येच. साहेबांनी मला हे मेल पाठवलं. राखण काढून टाक, सगळीकडून, माझा फोन परत बंद पडला तर तुझीही नोकरी बंद. मी उलट लिहिलं होतं की सगळा प्लांट उघडा पडेल. त्याचंही उत्तर आहे खाली. 'जे सांगितलं ते कर.'"

"आणि तू केलंस," तेजल म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली.

"केलं. मंगळवारी दोनशे एकची तार उपसल्यावर मला समजलं होतं. आतल्या तारांना हात लावू नका, परत सगळं पडेल, असं मी म्हटल्यावर साहेबांनी केबिनला कुलूप घातलं. साहेब म्हणाले, तोंड उघडलंस तर राखण तूच काढलीस असं लिहीन. तुझ्याच हातानं निघाली आहे." त्यानं तेजलकडे बघितलं नाही. "तुझं नाव मी घेतलं नव्हतं. पण त्यांनी घेतलं तेव्हा मी गप्प बसलो."

"हे सगळं तोंडी आहे," बोराडे म्हणाले. "कागद कुणीही छापतो. एका तारेनं चौसष्ट फोन बंद पडतात, हे दाखवा मला!"

सावळीराम याचीच वाट बघत होता. पण त्यानं आधी गोटीरामला मशीनरूममधून बाहेर काढलं, मशीनं बंद करून घेतली, गेटवर कोंडाजीला भोंग्याच्या बटणाशी उभं केलं आणि मास्क चार माणसांच्या हातात दिले. हे सगळं करायला वीस मिनिटं लागली. मंगळवारी कुणी वीस मिनिटं दिली असती तर आज ही चौकशीच नसती.

मग सगळे ऑपरेटरच्या खोलीत गेले. तेजल तिच्या खुर्चीवर बसली. सावळीरामनं तिला दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले, पंजे उताणे. ज्ञानेशनं कपाटात दोनशे एकची तार जोडली आणि बोराडेंच्या केबिनमध्ये जाऊन ती कुंकवाची तार परत भिंतीत खोचली.

दहा सेकंद. वीस. चाळिसाव्या सेकंदाला तेजलच्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली. मग कोरी. निकुंभांनी हँडसेट उचलून कानाला लावला आणि खाली ठेवला. खिडकीतून लांबून कोंडाजीची आरोळी आली, "काटा मेला ओ, काटा मेला!"

तार काढली. पाच मिनिटांत सगळं उभं राहिलं. ज्ञानेशनं नोंदीची प्रिंट काढून वकिलांच्या हातात दिली. तिच्यात छापलं होतं, अकरा सतरा, ऑपरेटर लॉग आउट.

तेजलचे हात अजून उताणेच होते.

नंतर ज्ञानेशनं राखण परत चालू केली आणि तीच तार तिसऱ्यांदा खोचली. दोनशे एक बंद पडला. त्रेसष्ट फोन वाजत राहिले. त्यांतला एक मशीनरूममधला होता. गोटीरामनं तो दारातून हात घालून उचलला, कानाशी धरला आणि मग सावकाश ठेवून दिला.

८

निकुंभ वकील हुशार होते. हुशार माणसं कुणाच्या बाजूनं असतात ते जेवणानंतर कळतं. तीन वाजता त्यांनी तेजलला एकटीला बोलावलं. तिनं सावळीरामला बरोबर नेलं.

"तुम्ही निर्दोष आहात," ते म्हणाले. "सोमवारपासून कामावर या. फक्त इथं सही करा." कागदावर लिहिलं होतं की घटना तांत्रिक बिघाडामुळे घडली आणि त्यात कुणाचाही दोष दिसून येत नाही. "मेल वगैरे अंतर्गत बाब आहे. आम्ही बघू."

तेजलनं कागद वाचला. दोनदा वाचला.

"मला काय वाटतं ते इचारू नको," सावळीराम म्हणाला. "माझी पेन्शन चालू आहे. नोकरी तुझी जाईल."

"साहेब," तेजल वकिलांना म्हणाली, "ऑपरेटरच्या चुकीनं माणूस मेला तर गुन्हा होता. मॅनेजरच्या हुकमानं मेला तर बिघाड कसा झाला?"

"भावनेच्या भरात..."

"भावना नाही ओ. हिशोब नीट विचारतेय."

तिनं सही केली नाही. बाहेर आली तेव्हा चांगुणा बाकावरून उठली. दिवसभर ती तिथंच होती, कुठल्या साहेबानं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मैनामावशीनं मघाशी दिलेला चहा बाकाखाली तसाच होता.

"बाई," चांगुणा म्हणाली, "मना नवराले कोनी मारं, इतलंच सांगा."

तेजलनं तिथंच, बोळात उभं राहून, तिला सगळं सांगितलं. तार, कुंकू, राखण, मेल. काही गाळलं नाही, आणि मॅनेजरनं तार मुद्दाम खोचली असं खोटंही काही घातलं नाही. चांगुणाला निम्मं कळलं नसेल. जे कळायला हवं होतं ते कळलं. ज्ञानेश मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं तो फाटका कागद तेजलच्या हातात दिला.

"मी येतो," तो म्हणाला. "माझंही नाव लागेल, माहीत आहे."

चौघं रिक्षात दाटीवाटीनं बसून पोलीस चौकीत गेले. हवालदार टेबलामागे पेपर वाचत होता. त्यानं एकेकाकडे बघितलं, म्हातारा, दोन बायका, इस्त्रीच्या शर्टातला एक पोरगा, आणि सवयीनं विचारलं, "काय, मारामारी का?"

"नाही," तेजल म्हणाली. "मंगळवारचा अपघात. दूध प्लांट. माणूस मेला त्यात. जबाब द्यायचाय."

"ती केस झाली ना? कुणी ऑपरेटर पोरगी होती."

"मीच ती."

हवालदारानं पेपर बाजूला केला. रजिस्टर ओढलं, टोपण काढलं आणि तेजलकडे बघून विचारलं, "बरं. संशय कुणावर?"

तेजलनं तोंड उघडलं, पण चांगुणानं तिच्या दंडाला धरून तिला बाजूला सारलं आणि टेबलाजवळ गेली.

"लिखा," ती म्हणाली. "गोरक्ष बोराडे."

हवालदाराला ऐकू आलं होतं. तरी त्यानं परत विचारलं. तिनं परत सांगितलं, आणि तो लिहीपर्यंत तिथून हलली नाही.